दोनशे तीन बुक झाला

माझ्या बापानं स्वतः बसवलेली फरशी स्वतःच्याच हातानं उखडली. कारण मी तिच्यावर झोपले होते.

मी तेव्हा नऊ वर्षांची. तिसरीत. परभणीत रेल्वे फाटकाच्या पलीकडं तेव्हा सगळं कापसाचं रान होतं. त्या रानात खुंट्या ठोकून प्लॉट पाडले होते आणि पहिलं घर एका गुरुजींचं चाललं होतं. माझा बाप मिस्त्री. माय त्याच्या हाताखाली, डोक्यावर घमेलं. चुडाव्याहून आम्ही पॅसेंजरनं निघालो ते थेट या बांधकामावर आलो. प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याचं खोपटं घातलं. राखणही आमच्याकडंच. सिमेंटची पोती, लोखंड, सागवानी चौकटी. राखणीचे वेगळे पैसे नव्हते. राहायला जागा दिली ना.

त्या वर्षी थंडी लय होती. पत्र्याला पाठ लागली की अंग आखडायचं. मला खोकला झाला. घरावर स्लॅब पडला होता, भिंती उभ्या होत्या, दारं-खिडक्या बाकी होत्या. मधल्या एका लहान खोलीला तेवढी खिडकीच नव्हती. तिथं वारा लागत नव्हता. बापानं तिथं नुकतीच शहाबादी फरशी बसवली होती. माय म्हणाली, "पोरीला तिथं निजवू." पोतं अंथरलं. आठ-दहा दिवस मी तिथं झोपले. खोकला कमी झाला.

एका सकाळी गुरुजी आणि बाई नेहमीपेक्षा लवकर आले. मी पोत्यावर बसून पाढे म्हणत होते. बाईंनी दारातून पाहिलं. ओरडल्या नाहीत. नुसता तोंडाला पदर लावला.

"अहो, देवघरात!"

गुरुजी शाळेत शिकवायचे. आवाज कधी चढायचा नाही त्यांचा. त्यांनी बापाला हाक मारली.

"मिस्त्री, ही फरशी काढून टाका. दुसरी बसवा. मजुरी मी देतो, तुम्ही काळजी करू नका."

बाप म्हणाला, "जी."

एवढंच. जी.

छन्नी-हातोडा घेऊन बाप गुडघ्यावर बसला. चांगल्या मिस्त्रीनं बसवलेली फरशी सहजासहजी निघत नाही. एकेक फोडावी लागली. माय पदर खोचून तुकडे उचलायला वाकली तर बाई म्हणाल्या, "तिला उचलू द्या. तिनंच केलंय ना." मग मी उचलले. टोकरीत भरायचे, कुंपणापाशी नेऊन टाकायचे. परत यायचं. बापाच्या भुवयांवर धूळ बसली होती. तो माझ्याकडं बघत नव्हता. मी खोकले तरी बघत नव्हता.

त्या तुकड्यांतले दोन मोठे मायनं खोपट्यात चुलीपाशी घातले. बाईंनी ते पाहिलं. परत मागितले नाहीत. तो दगड आता आमच्याच कामाचा राहिला होता.

त्या दिवशी मी बापाला विचारलं, "बा, देवघर हाय म्हणून कुठं लिवलं व्हतं?"

बापानं आढ्यात खोचलेला निळा कागद काढला. घराचा नकाशा. बापाला अक्षरं येत नव्हती, रेघा येत होत्या. त्यानं मधल्या लहान चौकोनावर बोट ठेवलं. मी वाचलं. दे. व. घ. र. मला वाचता येत होतं. तो कागद इतके दिवस आमच्याच खोपट्यात होता, माझ्या डोक्यावर. मी वाचला नव्हता.

बाप म्हणाला, "चूक झाली. आपलीच चूक झाली."

दगडांच्या टोकरीपेक्षा ते वाक्य जड होतं. अजूनही आहे.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आमचं खोपटं मोडलं. मांडव तिथं घालायचा होता. आम्ही शेजारच्या प्लॉटवर गेलो. मग त्याच्या शेजारच्या. त्या वसाहतीतली नऊ घरं माझ्या माय-बापानं उभी केली. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात आमचं खोपटं असायचं आणि घर पुरं झालं की खोपटं जायचं. शेवटी नाल्याच्या काठाला, आमच्या लोकांच्या वस्तीत, एक खोली झाली. तिला फरशी नव्हती. दुसऱ्याच्या घरात फरशी बसवून आलेला बाप घरी सारवलेल्या भुईवर जेवायला बसायचा.

मी नकाशा शिकले. दहावीनंतर आयटीआय. नकाशे काढायच्या वर्गात मी एकटी पोरगी. मग स्टेशन रोडला एका इंजिनियरच्या ऑफिसात लागले. साहेब शांत माणूस. हुशार. त्यांनी मला काम शिकवलं, हे मी कधी नाकारणार नाही. ट्रेसिंगच्या कागदावर शाईची रेघ. चुकली तर ब्लेडनं हलकं खरवडायचं, कागद फाटू द्यायचा नाही. नंतर कॉम्प्युटर आला. तोही शिकले. सही साहेबांची, नकाशे निम्मे माझ्या हातचे.

या शहरातली घरं कशी बदलली ते मला कुणी सांगायला नको. ती माझ्या टेबलावर बदलली. आधी एकेकट्याचं घर असायचं. पुढं अंगण, मागं न्हाणी, आणि त्याच्याही मागं संडास. त्या संडासाला मागच्या बोळातून वेगळं दार काढायचं. ते दार कुणासाठी, ते मला माहीत होतं. रेघ काढताना हात थांबायचा. तरी काढायचे. पुढं संडास घरात आला आणि बोळ गेला. लोकांची पोरं नोकरीला लागली, बापांनी माडी चढवली, आणि जिना बाहेरून काढला. किरायदारासाठी. किरायदारानं घरातून वर जायचं नाही. मग वसमत रोडची रानं विकायला निघाली. शेतकऱ्यांची पोरं मोटारसायकलवरून सातबारा घेऊन यायची आणि जिथं ज्वारी होती तिथं मी पट्टीनं रस्ते आखायचे. ज्या जागेला माझ्या लहानपणी कुणी विचारत नव्हतं, तिचा भाव पोरं मोबाइलवर सांगायला लागली. रो-हाऊस आली. मग अपार्टमेंट. गेट, वॉचमनची खोली, लिफ्ट, पार्किंगमध्ये छोटं मंदिर.

आणि जागा मागायला गेल्यावर विचारायचा प्रश्नही बदलत गेला. बापाला सरळ जात विचारायचे. मला आडनाव विचारलं. पुढं विचारायला लागले, नॉनव्हेज खाता का. आता काहीच विचारत नाहीत. मोबाइलमध्ये नाव बघतात आणि म्हणतात, "सध्या अव्हेलेबल नाही."

लग्न झालं तेव्हाची गोष्ट. नवरा वीज खात्यात लाईनमन. तो नवीनच लागला होता, आणि कधीही बोलावणं यायचं, म्हणून त्याच्या ऑफिसजवळ खोली बघायला लागलो. तेव्हा घरांना पाट्या असायच्या, "जागा किरायाने देणे आहे." पाटी बघायची, कडी वाजवायची. खोली दाखवायचे. नळाची वेळ सांगायचे. मग विचारायचे, आडनाव काय. आडनावावरून कळलं नाही तर, गाव कोणतं. चुडावा. मग हसत हसत, "चुडाव्यात कुठल्या आंगाला घर तुमचं?" हुशार माणसं. गावाच्या कुठल्या अंगाला कोण राहतं, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

एका घरी चहा मिळाला. अर्धा पिऊन झाला आणि आडनाव निघालं. समोरच्यानं खोलीची किल्ली परत खिशात घातली. उरलेला अर्धा चहा मला गिळवेना. नवरा म्हणाला, "पी. टाकू नगस." तोही धड पीत नव्हता.

महिना-दीड महिना असाच गेला. साहेबांनीच सुचवलं. चांगल्या मनानं सुचवलं. "अगं, आडनाव कशाला सांगता? गावावरून सांगा. चुडावकर. खोटं पण नाही ते."

चुडावकर झालो. पुढच्याच घरी खोली मिळाली.

वरची खोली, बाहेरून जिना. खाली घरमालकीण काकू. काकू प्रेमळ होत्या. मला लोणच्याची बरणी भरून द्यायच्या. माझ्या पोटात पोर होतं, तर डाळिंब आणून दिलं होतं एकदा. आणि मी त्यांच्या घरात चोरासारखी राहत होते. आमच्या घरात एकच फोटो. निळा कोट, चष्मा. तो ट्रंकेत, साड्यांच्या खाली. एप्रिलातल्या जयंतीला आम्ही वस्तीत जायचो. पांढरी साडी पिशवीत न्यायची, मायच्या घरी नेसायची, परत येताना पुन्हा रंगीत साडी. जिना चढताना कपाळावर टिकली आहे की नाही ते मी बोटानं चाचपून बघायचे. सुकी मासळी घरात आणली नाही. नवऱ्याच्या मित्रांना घरी बोलावलं नाही. चौदा महिने. मारहाण नाही, शिवी नाही, काही नाही. सगळं मीच मला केलं.

मग एका दुपारी माय आली. पोर दोन महिन्यांची होती, तिला बघायला. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. जिना चढून दारात आली आणि नेहमीसारखा नमस्कार घातला. दोन शब्द. त्या दोन शब्दांवरून आम्हाला कुणीही, कुठंही ओळखतं. तिचा आवाज आधीच मोठा. बांधकामावर खालून वर हाका मारून झालेला.

मी म्हणाले, "माय, हळू."

ती दारातच थांबली.

"काहून?"

"खाली काकू हाईत."

"मग?"

"त्याइला माहीत न्हाई."

मायनं खोलीत नजर फिरवली. चारी भिंती बघितल्या.

"फोटू कुठाय?"

मी ट्रंकेकडं बोट केलं.

माय बसली नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, शेंगांची पिशवी खाली ठेवली. आणि जे बोलली ते मी आज अक्षरशः सांगते, कारण त्यातलं एक अक्षरही मी विसरलेले नाही.

"तुझ्या बापानं फरशी फोडली तवा त्याला दुसरं काई सुचलं न्हाई. लेकरू आजारी, काम जाईल, गाव लांब. तू तर शिकलीस. तुला पगार हाय. आन् तू सोताच्या हातानं फोडायलीस. कुनी सांगितलं बी नसताना."

ती जिना उतरून गेली. मी मागं गेले नाही. पोर रडत होती, हे कारण झालं.

काकूंनी ऐकलं होतं. दोन दिवस त्या अंगणात दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या खाली उभं राहून, वर न बघता म्हणाल्या, "पुतण्याचं लग्न ठरायलंय. खोली लागती आम्हाला." मी त्यांची बरणी घासून, पुसून परत द्यायला गेले. त्यांनी हात पुढं केला नाही. "राहू द्या तुमच्याकडंच."

खोली सोडायला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत मी फोटो बाहेर काढला आणि रस्त्यावरून दिसेल अशा भिंतीला खिळा ठोकून लावला. दाराला पुठ्ठ्याची पाटी लावली, खऱ्या आडनावाची. नवरा म्हणाला, "आता काय उपेग?" मी म्हणाले, "त्यांच्यासाठी न्हाई लावायले."

वस्तीत परत आलो. माय पुढच्याच उन्हाळ्यात गेली. मी तिची माफी मागितली नाही. मागायची वेळ होती तेव्हा मला लाज वाटत होती, आणि लाज संपली तेव्हा ती नव्हती.

त्यानंतर वस्तीतच राहिलो. बापाच्या खोलीला खोली जोडली, पक्की केली. नाल्याला पाणी आलं की सामान वर चढवायचं, उतरलं की चिखल काढायचा. पोरगी तिथंच मोठी झाली. आता बारावीला आहे. घर घ्यायचं असं आम्ही दरवर्षी म्हणायचो आणि दरवर्षी भाव आमच्या पुढं पळायचा. शेवटी दोघांच्या पगारावर बँक कर्ज द्यायला तयार झाली.

मला कुठला फ्लॅट पाहिजे ते ठरलेलं होतं. वसमत रोडला साहेबांकडची एक स्कीम चालू होती. चार मजले. तिचा प्रत्येक नकाशा मी काढला होता. दुसऱ्या मजल्यावरचा दोनशे तीन. पूर्वेला गॅलरी, स्वयंपाकघरात उजेड. लिफ्टच्या भिंतीमुळं त्या फ्लॅटला एक जादा कोनाडा निघत होता. पोरीचं टेबल तिथं बसेल, म्हणून मी तिथं एक प्लग पॉइंट दिला होता. कुणी सांगितला नव्हता तो. मीच दिला.

रविवार होता. मी आणि नवरा साइटवरच्या ऑफिसात गेलो. पर्समध्ये चेकबुक. बिल्डर खुर्चीत होता. पन्नाशीचा, तोंडानं गोड. साहेबही आले होते, स्लॅबचं काम बघायला. ते बाजूच्या खुर्चीवर बसले होते. भिंतीवर बुकिंगचा तक्ता. तोही मीच काढलेला. प्रत्येक फ्लॅटला एक चौकोन. विकला गेला की लाल पेन्सिलीनं रंगवायचा. दोनशे तीन कोरा होता.

"या या ताई. बसा. चहा सांगतो. कुणासाठी बघायलात?"

"आमच्यासाठीच. दोनशे तीन."

त्याचा हात फोनवर होता. तो तिथंच राहिला. साहेबांनी समोरचा कागद उचलला आणि वाचायला लागले.

"दोनशे तीन बुक झालाय ताई."

"तक्त्यावर तर कोराय."

"कालच झाला. रंगवायचा राहिला."

तो उठला. टेबलावरची लाल पेन्सिल घेतली. तक्त्यापाशी गेला आणि माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, तो चौकोन रंगवला. सावकाश. कोपऱ्यापर्यंत. एकही पांढरा ठिपका ठेवला नाही.

"बगा. झाला बुक."

नवऱ्यानं माझा हात हळूच ओढला. चल, असा. एकशे चार कोरा होता, चारशे दोन कोरा होता. मी तेही विचारले. ते पण बुक. "सगळंच बुक हाय," तो म्हणाला. पेन्सिल अजून हातात.

मी उठले नाही.

"कुणी बुक केला? नाव सांगा."

"ताई, तुमी आपल्या घरच्या. तुमाला काय लपवायचं? मी सोता मानत न्हाई. माझ्या घरी सगळे येतात, जेवतात. पण बाकीचे घेणारे असतात ना. एकदा कळलं की वरचे चार कॅन्सल होतात. धंदा हाय."

"काय कळलं की?"

"तुमाला माहीत हाय."

"मला न्हाई माहीत. तुमी सांगा."

तो हसला. साहेबांकडं बघितलं. साहेबांनी कागदाचं पान उलटलं.

"ताई, कशाला वाढवायलात? तुमच्या लोकांना दिला तर माझी स्कीम बसती."

तुमच्या लोकांना. बापाच्या वेळी फरशी बोलली होती. काकूंच्या वेळी बरणी बोलली होती. आज पहिल्यांदा माणूस बोलला. मला भीती होती. खोटं कशाला सांगू? पगार याच खोलीतून येत होता. पण त्या भीतीखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते टणक होतं.

"हेच लिहून द्या," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता बोललात ते. तुमच्या लेटरहेडवर. तारीख टाका आन् सही करा. मी चहा पण पीत न्हाई, लगेच जाते."

त्याचा गोडवा गेला. "बाई, डोकं ठिकाणावर हाय का? जा आता. साहेब, सांगा हिला."

ताईची बाई झाले. बाईची हिला झाले. एका मिनिटात.

साहेब म्हणाले, "चल, मी सोडतो तुला घरी."

"मी आलेय तशी जाईन, साहेब. तुमी एवढंच सांगा. तुमी ऐकलं ना?"

साहेब पुन्हा कागदात बघायला लागले.

सोमवारी मी तक्रार दिली. ठाण्यात बसवून ठेवलं. समजावलं. "शिकलेल्या बाई तुम्ही. एक फ्लॅट नाही मिळाला म्हणून गुन्हा दाखल करता का?" मी म्हणाले, फ्लॅट मिळाला नाही म्हणून नाही, का मिळाला नाही म्हणून. पुन्हा गेले. पुन्हा या म्हणाले. पुन्हा गेले. नवरा ड्युटी सोडून येत होता. त्याच्या ऑफिसात कुजबुज सुरू झाली. तो गप्प राहणारा माणूस. एकदा ठाण्याच्या पायरीवर म्हणाला, "मी तवा तुजा हात वढला. वढायला नगो व्हता." एवढंच म्हणाला. मला तेवढं पुरलं.

गुन्हा नोंदला गेला. साक्षीदार म्हणून मी साहेबांचं नाव दिलं. त्यांना बोलावलं. त्यांनी जबाब दिला, "मी त्या वेळी कागद वाचत होतो. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही."

तीन हात अंतर. ऐकू आलं नाही.

पंचवीस वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसून काम केलं. त्यांच्या नातवाच्या बारशाला पाळण्याची लाकडी खेळणी मी नेली होती. जबाबानंतर मी ऑफिसात गेले. माझी पट्टी, माझे पेन, माझा पाण्याचा तांब्या पिशवीत भरला. साहेब आतून आले. डोळे लाल होते त्यांचे. म्हणाले, "मला समजून घे. माझी सगळी कामं त्याच्याकडून आहेत."

मी म्हणाले, "समजलंय, साहेब. पयल्यापासून समजायला पायजे व्हतं."

तो माणूस वाईट नाही. हेच मला सांगायचं आहे. गुरुजी वाईट नव्हते. काकू वाईट नव्हत्या. या शहरात मला घरात न घेणारं एकही माणूस वाईट नव्हतं. सगळ्यांची काही ना काही अडचण होती. आणि सगळ्यांच्या अडचणीची किंमत आमच्या घरानं भरायची, हे आधीच ठरलेलं होतं.

काम गेलं. शहरात मोजकेच इंजिनियर, सगळ्यांची बिल्डरशी ऊठबस. कुणी घेतलं नाही. आता मी वस्तीतल्या घरीच कॉम्प्युटर ठेवलाय. आमच्या लोकांची घरं, आसपासच्या खेड्यांतली घरकुलं, कुणाच्या दुकानाचा आराखडा. कमी पैसे. पण माझं नाव असतं कागदावर.

मग तडजोड आली. बिल्डरचा मेहुणा घरी आला. पेढे घेऊन. त्याच माणसाची दुसरी स्कीम, गंगाखेड रोडला. तळमजला, मागची बाजू. भावात सूट. एकच करा म्हणाला. खरेदीखत पोरीच्या नावानं करू. तिचं नाव, वडलांचं नाव, बस. सोसायटीच्या पाटीवर आडनाव टाकायचं नाही. "आजकाल लय जण असंच करतात. तुमचं बी काम होतं, आमचं बी. आन् केस तेवढी मागं घ्या."

पोरगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ती दारात येऊन उभी राहिली. मी काय बोलते ते ऐकायला उभी होती. मी नऊ वर्षांची असताना माझ्यासमोर कुणी काही बोललं नव्हतं. बाप फक्त जी म्हणाला होता.

मी पेढ्यांचा पुडा उचलून त्याच्या हातात दिला. "पोरीचं पूर्ण नाव हाय. ते पूर्णच लिवावं लागंल. तुमच्या पाटीवर बसत नसंल तर पाटी मोठी करा."

तो गेला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "घराबिगर राहताल." मी म्हणाले, "हे घरच हाय. माझ्या बापानं बांधलेलं हाय."

केस उभी राहिली. माझी उलटतपासणी झाली. बिल्डरच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुम्हाला घरच पाहिजे होतं, तर दुसरीकडं का नाही घेतलं?"

मी म्हणाले, "दुसरीकडं म्हणजे कुठं? तुमी बोट दाखवा, मी जाऊन विचारते."

वकील म्हणाला, हो किंवा नाही असं सांगा. न्यायाधीशांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. साक्षीदार फिरलाय. तारखा पडायल्यात. लोक म्हणतात, सुटेल तो. सुटेलही.

दोनशे तीनमध्ये एक कुटुंब राहायला आलंय. गॅलरीत कपडे वाळत घातलेले दिसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. तो फ्लॅट आता मला नको, आणि नुकसानभरपाईही नको. वस्तीतले काही जण म्हणतात, मग कशाला भांडायलीस? पोरीच्या लग्नाला अडचण येईल, नवऱ्याची बदली होईल. येऊ दे. होऊ दे.

मला एवढंच पाहिजे. त्या माणसानं भर कोर्टात उभं राहून, माझ्या तोंडाकडं बघून सांगावं की मला घर का दिलं नाही. बुक होतं, हे चालणार नाही. धंदा आहे, हे चालणार नाही. तुम्हाला माहीत आहे, हे तर अजिबात चालणार नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी तेवढ्यावर भागवलं, आणि आम्हीही समजून घेत राहिलो. आता मी समजून घेणार नाही. त्यानं शब्द उच्चारावा. मी प्रत्येक तारखेला तिथं उभी असेन.